नसलेल्या अंगावरचें वस्त्र

काटोलच्या बाजारांत लुगडें घ्यावयास गेलेल्यांस एक देखावा परिचयाचा असेल. गादीवरचा दुकानदार घडी मोडतो, पदर आपल्याच खांद्यावर टाकतो, निऱ्या हातांत धरून उभा राहतो आणि म्हणतो, "पाहा न ताई, पदर कसा पडते!" मिशीवाल्या गृहस्थाच्या अंगावर तें लुगडें पाहून कोणी हंसत नाहीं, आणि कोणी फसतही नाहीं.

हल्लीं तेंच लुगडें मोबाइलच्या पडद्यावर विकलें जातें, आणि तें नेसून उभी असलेली तरुणी कित्येकदां ह्या जगांत नसतेच. संगणकास कापडाचें छायाचित्र दिलें कीं तो हवा तो वर्ण, हवा तो बांधा व हवें तें हास्य देऊन अशी तरुणी क्षणांत घडवितो. ह्या व्यवहारांत असत्य आहे काय, आणि असल्यास तें नेमकें कोठें आहे, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तरुणी काल्पनिक, म्हणून चित्र खोटें, असें घाईनें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. राजा रविवर्मा ह्यांनीं १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. त्यांचीं रूपें चित्रकाराच्या कल्पनेंतलीं. तथापि त्यांनीं लोकांस फसविलें असें कोणी म्हणत नाहीं. कारण चित्र तेथें चित्र म्हणूनच पुढें आलें होतें. कल्पना म्हणजे असत्य नव्हे. साक्षीदाराचा वेष घेऊन आलेली कल्पना मात्र असत्य होय.

दुकानांतील छायाचित्र ही एक साक्षच आहे. हें वस्त्र कोणीतरी नेसलें, तें असें पडलें, येथें चुरगळलें, असें तें सांगतें. संगणकाच्या चित्रांत वस्त्र पडलेलेंच नसतें. कसें पडावें ह्याचा यंत्रानें केवळ अदमास केलेला असतो, आणि विक्रेत्यास सोईचा असाच अदमास पुढें येतो. सुती कापड चुरगळतें, आटतें, घाम पितें, हें कापूस पिकविणाऱ्या काटोलकरांस सांगावयास नको. दुकानदाराचें अंग खोटें, पण वस्त्र खरें. येथें अंग तर खोटें आहेच, आणि वस्त्रही अर्धें खोटें होतें. मालाचें खोटें वर्णन करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणारी ठरविली आहे. तें वर्णन शब्दांनीं केलें काय किंवा चित्रानें केलें काय, नीतीच्या दृष्टीनें दोन्ही सारखींच.

आतां दुसरी बाजू. घरीं शिवणयंत्रावर कुडते शिवून विकणाऱ्या बाईस छायाचित्रकार आणि मॉडेल कोठून परवडणार? आपल्या मुलीचें छायाचित्र जगापुढें मांडणेंही कित्येक घरांत रुचत नाहीं. अशा बाईस हें यंत्र मोठ्या कंपन्यांच्या शेजारीं बसवितें, हा त्याचा गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु जी सवलत दुबळ्यास शोभते ती सबळास शोभतेच असें नाहीं. लिव्हाइस ह्या अमेरिकन कंपनीनें २०२३ सालीं निरनिराळ्या वर्णांच्या व बांध्यांच्या स्त्रिया दिसाव्यात म्हणून संगणकीय मॉडेल वापरून पाहण्याचें जाहीर केलें, तेव्हां तिच्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. सांवळ्या मुलीस चित्रांत जागा द्यावयाची आणि मजुरींत द्यावयाची नाहीं, हें औदार्य कसलें? उलट एच अँड एम ह्या स्वीडिश कंपनीनें २०२५ सालीं तीस हयात मॉडेलांच्या प्रतिकृती करण्याचें ठरविलें, तेव्हां प्रतिकृतीवरील हक्क ज्याचा त्याच्याकडेच राहील व वापराचा मोबदलाही त्यास मिळेल, असें सांगितलें. ही वाट सर्वस्वी निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु रूप ज्याचें त्यास विचारावें, एवढें तरी तींत आहे.

तात्पर्य, आमचें मागणें थोडें आहे. अंग कल्पनेचें असेल तर तसें चित्राखालींच स्पष्ट लिहावें. आणि त्याच्या शेजारीं खऱ्या वस्त्राचें, चुण्यांसकट, एक साधें छायाचित्र ठेवावें. शिवणाऱ्या बाईसही एवढें करण्यास कांहीं खर्च येत नाहीं. काटोलचा दुकानदार सुंदर नसतो; पण गिऱ्हाइकानें पदर चिमटींत धरून पाहिला तर तो हात मागें घेत नाहीं. पडद्यावरील दुकानांत चिमटीस वाव नाहीं. म्हणूनच तेथें विक्रेत्याच्या शब्दावर अधिक भार पडतो, आणि तो शब्द अधिक जपला पाहिजे.