स्वर्गाचं आमेन

मंडळीत मी पेटी वाजवतो, त्यामुळे गाणाऱ्यांची तोंडं मला समोरून दिसतात. न गाणाऱ्यांचीही दिसतात. मागच्या सतरंजीवर एक आजी बसतात. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेलं. गीत सुरू झालं की त्या पदराचं टोक ओठांवर धरतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बाबा, देवाचं गाणं ते. आमचं तोंड त्या लायकीचं हाय का?"

यशया संदेष्ट्यालाही हेच वाटलं होतं. उज्जीया राजा वारला त्या साली त्याला मंदिरात सराफीम दिसले, त्यांचं स्तवन कानी पडलं आणि त्याला आपले अशुद्ध ओठ आठवले. मग वेदीवरचा निखारा चिमट्याने आणून त्या ओठांना लावला गेला. हे प्रवचनात आपण नेहमी ऐकतो. सराफीमांकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. प्रत्येकाला सहा पंख. दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय झाकलेले, उरलेल्या दोहोंनी ते उडतात. देवाच्या इतक्या जवळ राहूनही त्याच्यापुढे उघड्या तोंडाने उभं राहण्याची त्यांची छाती होत नाही. तरी स्तवन थांबत नाही. आजींचा पदर मला त्या पंखांसारखा वाटतो. तो राहू द्यावा, आणि त्याच्याआडून गावं.

आपल्या आवाजाने देवाचं गाणं बिघडेल, या भीतीला आपण नम्रता समजतो. मला ते पटत नाही. हे गीत आपल्या जन्माआधीपासून चालू आहे आणि आपण बेसूर झालो म्हणून ते बिघडणार नाही. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब देवदूतांचं नाव घेऊन मंडळीला त्या स्तवनात बोलावतात. ते बोलावणं अख्ख्या मंडळीला असतं, चांगल्या गळ्याच्या चौघांना नाही.

प्रकटीकरणाचा पाचवा अध्याय सावकाश वाचून पाहा. आधी सिंहासनाजवळचे चार प्राणी आणि वीणा घेतलेले चोवीस वडील गातात. मग अगणित देवदूत. आणि सगळ्यांत शेवटी स्वर्गातली, जमिनीवरची, जमिनीखालची, समुद्रातली झाडून सारी सृष्टी. या शेवटच्या स्तवनाला आमेन कोण म्हणतं? तेच चार प्राणी, ज्यांनी आधी सुरुवात केली होती. खुरपणाऱ्या बाईपासून पाण्यातल्या माशापर्यंत सगळ्यांनी गायलं, आणि त्यावर स्वर्गाने आमेन म्हटलं! इथवर आलो की मला पुढे वाचवत नाही.

आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांना तर हे सांगायला लागू नये. नारायण वामन टिळक तुकोबांचं बोट धरून ख्रिस्ताकडे आले, 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ताची गीतं लिहिली. चित्पावन घरात जन्मलेल्या कवीचे ते शब्द आमच्या महार-मांग वस्त्यांमधल्या माणसांनी तोंडपाठ केले. त्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती. कित्येकांना अक्षरओळखही नव्हती. ऐकून ऐकूनच गीतं पाठ झाली. आधी लायकी तपासायची असं त्यांनी ठरवलं असतं, तर आमच्या गावांत एकही गीत उठलं नसतं.

आता पेटीवाल्यांना, तबलजींना आणि गीत उचलणाऱ्या तरुण मुलामुलींना माझी विनंती आहे. पट्टी तुमच्या गळ्याला शोभेल अशी धरू नका. सत्तरीतल्या बाईचा आवाज जिथे पोचतो, तिथे ती खाली घ्या. पहिलं कडवं दोनदा म्हणा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही शब्द सापडतील. आणि मागे बसणाऱ्यांनो, येत्या रविवारी तुम्हीही गा.