बर्फ कोणाच्या नावे?

आमच्या बेलापूरच्या नशिबी नावाचा घोटाळा कायमचा लिहिलेला आहे. पुण्या-मुंबईत "मी बेलापूरचा" असं सांगितलं की समोरचा "अरे वा, सीबीडी!" म्हणून खुर्ची पुढे करतो, आणि "नाही हो, प्रवराकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं" म्हटलं की तीच खुर्ची हळूच मागे ओढतो. रेल्वेनं आमच्या नावाचं स्टेशन बांधलं, ते श्रीरामपुरात. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, तो हरेगावात. नाव आमचं आणि गाडी पकडायला जायचं दुसऱ्याच्या गावी! तेव्हा नावावर एकाच्या आणि पदरात दुसऱ्याच्या हा प्रकार बेलापूरकराला बाळकडूबरोबरच पाजलेला असतो. मी त्यावर बी.कॉम. केलं आणि बँकेत चिकटलो इतकंच. त्यामुळे जगात काहीही घडलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, तो हा : हे नावे कोणाच्या टाकलं?

परवा हा प्रश्न मला एका गाडीवरून पडला. गाडी माझी नव्हे. माझ्याकडे स्कूटर आहे आणि तिच्याविषयी तत्त्वचिंतन करण्याइतकी ती सलग चालत नाही. गाडी माझ्या भाच्याची. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. लहानपणी सात-आठ वर्षं आमच्याकडे, म्हणजे खरं तर माझ्या आईकडे बेलापुरात वाढला, मग इंजिनिअर झाला आणि आता अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या जवळ असतो. त्यानं २००३ सालची एक जुनी फोर्ड लाइटनिंग पिकअप घेतली.

"पिकअप घेतली" हे ऐकताच आमच्या सौ.नं विचारलं, "तिकडे कांद्याचं काही सुरू केलंय का?" यात तिचा काही दोष नाही. आमच्याकडे पिकअप म्हणजे सकाळी कांदा मार्केटला नेणारी, दुपारी सिमेंट आणणारी आणि संध्याकाळी तीस वऱ्हाडी उभे करून लग्नाला जाणारी गाडी. भाच्याच्या पिकअपनं जन्मात कांदा पाहिलेला नाही. तिला ३८० हॉर्सपॉवर आहे. तीनशे ऐंशी घोडे! आमच्याकडे वरातीला एक घोडा हवा असेल तर श्रीरामपूरला आधी अ‍ॅडव्हान्स द्यावा लागतो. एवढे घोडे जोडून हा गडी करतो काय, तर रविवारी धावपट्टीवर जाऊन पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ रेषेत पळवतो. बारा-तेरा सेकंदांत कार्यक्रम संपतो. मग रांगेत उभा राहतो. मग पुन्हा बारा-तेरा सेकंद.

तर त्यानं व्हिडिओ कॉल करून गाडीच्या मागच्या हौद्यात बसवलेली एक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची टाकी दाखवली आणि म्हणाला, "मामा, ही बर्फाची टाकी. स्वतः बसवली. तीन शनिवार गेले."

"मासे विकणार का?" सौ. मागून.

"नाही मामी, इंजिनाला."

आता यामागचं शास्त्र. ते मला भाच्यानं समजावलं आणि मी ते तुम्हांला माझ्या भाषेत सांगतो. इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते. जास्त हवा तर जास्त ताकद. म्हणून या गाडीत सुपरचार्जर नावाचा एक दांडगा पंप हवा कोंबतो. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक ज्याच्या बोटाला लागलंय, त्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कोंबून मिळवलेलं निम्मं तापून गेलं! वर इंजिन ठोके मारायला लागण्याची भीती. महागाई भत्ता वाढावा आणि त्याबरोबर भाजी महागावी, तसंच हे. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. या गाडीच्या इंटरकूलरमधून हवा जाते आणि तिची उष्णता पाणी घेतं. ते पाणी पुढच्या जाळीत वाऱ्यावर गार होतं आणि विजेच्या छोट्या पंपानं पुन्हा फिरतं. पण वारा देऊन देऊन किती गार करणार? बाहेर आहे त्याहून गार नाहीच. भाच्यानं पाण्याच्या त्या वाटेत ही टाकी जोडली, मागच्या हौद्यापर्यंत नळ्या नेल्या, नळ्यांत अडकलेली हवा बुडबुडा-बुडबुडा करून काढली, आणि टाकीत बर्फ ओतला. ५० अंशांची हवा १० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला ती १४ टक्के दाट होते. चौदा टक्के! आमच्या बँकेनं मुदत ठेवीवर हा दर जाहीर केला तर प्रवरेच्या पुलापर्यंत रांग लागेल.

नुसतं गार पाणी का नाही, असं मी विचारलं. त्यावर त्यानं सांगितलेली गोष्ट मला फारच आवडली. एक ग्रॅम पाणी एका अंशानं तापायला एक कॅलरी लागते. पण शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं नुसतं शून्य अंशाचं पाणी व्हायला ऐंशी कॅलरी लागतात, आणि एवढं सगळं गिळून थर्मामीटर जागचा हलत नाही. स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक नावाच्या प्राध्यापकानं १७६०च्या सुमारास हे शोधून काढलं. शाळेत आम्ही याला अप्रकट उष्मा म्हणून पाठ केलं होतं. कळलं काहीच नव्हतं. आज कळलं : ही गुप्त गंगाजळी! ताळेबंदात दिसत नाही, पण अडचणीच्या वेळी निमूट सगळं सोसते. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. आमच्याकडे आई होती.

दहा किलो बर्फ वितळायला आठशे किलोकॅलरी लागतात. आहारतज्ज्ञ ज्यांना कॅलरी म्हणतात त्या याच. म्हणजे एका माणसाच्या भरपेट जेवणाइतकी उष्णता. भाच्याचा बर्फ रविवारी एक जेवण जेवतो आणि पाणी होतो.

"आणि मग?"

"मग तोटी उघडून पाणी काढायचं, पुढच्या फेरीला नवा बर्फ."

त्यातून गंमत अशी की मिशिगनमध्ये जानेवारीत दाराबाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि तो काढून टाकायला हा फावडं घेऊन उभा असतो. जुलैत तोच बर्फ पिशवीनं विकत आणतो. हिवाळ्याआधी टाकीतलं साधं पाणी आठवणीनं काढायचं, नाहीतर ते गोठून फुगतं आणि नळ्या फोडतं. ज्याच्यासाठी पैसे मोजले त्याचीच पुढे धास्ती घ्यायची!

सौ.चा निकाल लगेच लागला : "नासाडी!" ताईचंही तेच मत, फक्त तिनं त्यात "एवढं शिकवलं ते यासाठी का?" एवढी भर घातली. मी मात्र अडलो. कारण नासाडी म्हणायची तर आधी हिशेब मांडायला हवा, आणि हिशेब मांडायला बसलं की बर्फ हातातून निसटतो.

पहिली गोष्ट, थंडी कोणी तयार करतच नाही. बर्फाच्या कारखान्यात पाण्यातली उष्णता काढतात आणि ती मागच्या बाजूला बाहेर टाकतात, वर यंत्र चालवायला जी वीज लागली तिचीही उष्णता तिच्यात मिळवून. म्हणजे व्याजासकट. इकडे एक रुपया जमा, तिकडे सव्वा रुपया नावे. आमच्या शाखेतच पाहा. आत काउंटरमागे आम्ही गारेगार, आणि एसीचं बाहेरचं खोकं बरोबर त्या भिंतीवर जिच्या आडोशाला पेन्शनवाले म्हातारे दहाच्या आधीपासून उभे असतात. मे महिन्यात आमच्या अंगातली उष्णता त्यांच्या डोक्यावर फुंकली जाते. मी हे वरिष्ठांच्या कानावर घातलं, तेव्हा ते म्हणाले, "अर्ज द्या." अर्ज दिला. खोकं तिथेच आहे. दोन म्हाताऱ्यांनी जागा बदलली, एवढीच प्रगती.

दुसरी गोष्ट, ही खोड जुनी आहे. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जगभर विकत असे. १८३३ साली 'टस्कनी' नावाच्या जहाजातून त्यानं १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरेक टन उरला. बाकी ऐंशी टन समुद्राच्या नावे! पुढच्याच वर्षी हा बर्फ मुंबईलाही आला. कशासाठी, तर साहेबांचे पेले आणि शेटजींचं आइस्क्रीम. मद्रासला तर या बर्फासाठी बांधलेलं आइस हाऊस अजून उभं आहे. पुढे १८९७ साली तिथे स्वामी विवेकानंद राहिले, आणि त्या इमारतीचा हिशेब एकदम जमेच्या बाजूला गेला. तेव्हा अमेरिकेतून बर्फ इकडे येत होता. आता आमचा पोरगा तिकडे जाऊन बर्फ वितळवतो आहे. दोनशे वर्षांत फिट्टंफाट झाली म्हणायला हरकत नाही.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो ऐकून घेतो, हा त्याचा गुण. मग म्हणाला, "मामा, मी बर्फ माझ्या पैशांनी आणतो, माझ्या हातांनी फोडतो आणि पाणी माझ्या हातांनी काढतो. किती वितळला ते डोळ्यांनी दिसतं. तुमच्या एसीत किती वितळतं, ते दिसतं का?"

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते काही मिनिटांनी सुचलं, आणि तोवर त्यानं दुसराच प्रश्न विचारला.

"तेव्हा किती लाद्या लागल्या होत्या?"

"तेव्हा" म्हणजे मे २०१८. आई मंगळवारी दुपारी गेली. पारा चाळिशीच्या वर. भाचा अमेरिकेत. ताई म्हणाली, तो येईपर्यंत उचलायचं नाही. भावकीतले एक बुजुर्ग म्हणाले, आत्मा गेला, मागे उरलं ते माती, मातीला कशाला ताटकळवता? शास्त्र त्यांच्या बाजूनं होतं, उन्हाळा त्यांच्या बाजूनं होता. ताईच्या बाजूनं फक्त ताई होती. शीतपेटीसाठी श्रीरामपूरला फोन केला, ती आधीच दुसऱ्या गावी गेलेली. बर्फाला माणूस पाठवला. लगीनसराई, शिल्लक शून्य. एक लादी कशीबशी मिळाली, ती रात्रीपर्यंत अर्धी झाली. गोणपाट, लाकडाचा भुसा, सगळं केलं. बर्फाला आपलं नातं कळत नाही.

बुधवारी आमच्याच आळीत लग्न होतं. मुलीचे वडील भल्या सकाळी आले. पाठीमागे हातगाडी, तिच्यावर भुश्यात गुंडाळलेल्या दोन लाद्या. त्यांच्या मठ्ठ्याच्या. म्हणाले, "आजींना लावा." मी म्हटलं, "अहो, वऱ्हाड येणार तुमच्याकडे." ते म्हणाले, "वऱ्हाड जिवंत आहे, घाम पुसेल." आणि बँडवाल्यांना आमच्या दारावरून जाताना वाजवू नका, असं सांगून निघून गेले.

गुरुवारी सकाळी साडेआठला भाचा पोचला. आईचा चेहरा तसाच होता. दहा मिनिटं तो नुसता बसून राहिला, मग आम्ही प्रवरेवर गेलो. दोन दिवस आणि तीन लाद्या कशासाठी, तर दहा मिनिटांसाठी. पाव मैलाच्या बारा सेकंदांपेक्षा जास्त, एवढंच. त्या दहा मिनिटांचा उपयोग काय झाला, असं कोणी ऑडिटरनं विचारलं तर मला कागद दाखवता येणार नाही. पण ती खोडावी असंही मला एकदाही वाटलेलं नाही. आणि एकदा ती दहा मिनिटं मान्य केली की त्या बारा सेकंदांवर लाल शाई चालवताना माझा हात अडतो. अडतो म्हणजे सारखं माप नाही लावत मी. आजी ती आजी आणि गाडी ती गाडी. पण बर्फाचं पाणी झालं म्हणून तो वाया गेला, हा नियम मात्र मला रद्द करावा लागला. मग उरतो तो माझा जुनाच प्रश्न. भाच्याचा बर्फ भाच्याच्या नावे आहे, तिथे माझी तक्रार नाही. आमच्या एसीचा पेन्शनवाल्यांच्या नावे आहे, तिथे आहे. आणि आईच्या दोन लाद्या?

त्या कोणाच्या होत्या, हे भाच्याला ठाऊकच नव्हतं. त्या गडबडीत सांगायचं राहिलं होतं. मी सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग मठ्ठ्याचं काय झालं?"

"कोमट प्यायले."

"पैसे?"

"दोनदा द्यायला गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो."

बँकेत ज्या रकमेचं नेमकं काय करायचं ते कळत नाही, ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. त्या दोन लाद्या २०१८ पासून आमच्या घरच्या सस्पेन्समध्ये आहेत. भाचा म्हणाला, "त्या काकांना माझी टाकी दाखवा बरं." हे काही फेडणं नव्हे, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

पुढच्या सोमवारी काका पासबुक भरायला आले, तेव्हा मी मोबाइलवर त्यांना व्हिडिओ दाखवला. टाकी, नळ्या, बर्फ ओतणारा आमचा पोरगा, मग धूर, मग रिकामा रस्ता. त्यांनी तो दोनदा पाहिला. मागे रांग खोळंबली.

"बर्फ किती लागतो?"

"दहाएक किलो."

"आन् जाती कुठवर?"

"पाव मैल."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि टाकीवर बोट ठेवून विचारलं, "ह्याच्यात मठ्ठा किती बसंल?"