साक्ष आणि निराधाराचा मृत्यू

अठराव्या शतकातील लंडनमध्ये निराधार परक्याच्या आकस्मिक मृत्यूची चौकशी कॉरोनर करी. पंचांना प्रेत प्रत्यक्ष पाहावे लागे. साक्षीदार शपथेवर सांगत : तो कोठे आढळला, कोणत्या अवस्थेत होता. १६६२च्या कायद्याने परक्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडण्याची मुभा दिली होती. म्हणूनच ‘मी पाहिले’ या विधानात ‘मी जबाबदार नाही’ हा बचावही संभवतो. शिवाय साक्ष उरते ती लेखनिकाच्या तृतीयपुरुषी भाषेत. मृताचा शब्द तीत बहुधा नसतोच. सत्तेशी गाठ पडल्यामुळेच अशी आयुष्ये कागदावर उमटतात, हे फूकोने १९७७ मध्ये दाखविले. तथापि, समीक्षकाने मृताला कल्पित अंतरंग बहाल करणे म्हणजे त्याच्या वतीने पुन्हा परक्यानेच बोलणे होय. त्याचे मौन मौन म्हणूनच वाचावे. प्रश्न विचारावेत ते बोलणाऱ्यांना.