‘वेडाच असणार’ म्हणण्याआधी

आजचं चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३.

३१ जुलै २०२३. जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये आरपीएफ जवानाच्या गोळ्यांनी चौघे गेले : त्याचे वरिष्ठ आणि तीन मुस्लिम प्रवासी. बातमी ऐकून मी बोललो, “वेडाच असणार!” शेजारी डिप्रेशनची गोळी घेणारा माझा भाऊ जेवत होता. ताटावरून गप्प उठला.

गीता इथे आजाराचं नाव घेत नाही. मनात घोळवलेल्या विषयातून आसक्ती, काम, क्रोध, मोह, स्मृतिभ्रंश, शेवटी बुद्धिनाश, अशी उतरंड सांगते. द्वेषही घोळवूनच पिकतो. त्या जवानाचं निदान डॉक्टर-कोर्ट करतील. आपण रोज मोबाईलवर काय घोळवतो?

आपल्या नेवाशात माउलींनी दुष्टांचा नाश नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असं मागितलं. वाकडेपणा म्हणजे आजार नव्हे.

भावाची माफी मागितली. मग दोघं जेवलो.

राम कृष्ण हरी!