उघडा नाद, मिटलेला नाद

सावकाश बसा.

बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातली तालमीची एक खोली मनात आणा. वाद्यं जमिनीवर मांडली आहेत. विद्यार्थीही जमिनीवरच बसले आहेत. वाद्य ओलांडून कोणी जात नाही. वाद्याच्या ठायी गुरू असतो, अशी इथली श्रद्धा आहे.

तुम्हीही मांडी घाला. श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

समोर ‘रनात एक’ नावाचं वाद्य, लाकडी पट्ट्यांचं. शेजारी खाँग वाँग याय. काशाच्या 16 घंटांचं वर्तुळ, आणि मधोमध एक विद्यार्थिनी. मूळ चाल तिच्या हाती आहे. बाकीचे त्याच चालीवर आपापली नक्षी काढतात.

पाहा. मग नजर हळूच बाजूला न्या.

तिथे एका मुलाच्या हातात छिंग आहे. दोरीने जोडलेल्या, काशाच्या दोन जाड, लहान वाट्या. वारीतल्या टाळांची आठवण व्हावी अशा.

त्याच्यापाशी थांबा.

एक वाटी दुसरीच्या कडेला लागते आणि सुटते. छिंग. नाद उघडा राहतो. त्याच्या मागे जा. तो कुठवर पोचतो, ते ऐका.

आता वाट्या मिटतात. छप. नाद तिथेच थांबतो.

छिंग.

छप.

या संगीतात भार शेवटी येतो, छपवर. चाल त्या मिटण्याकडे वाहत असते. तुम्ही घाई करू नका. मधल्या जागेत राहा. तिथे श्वास घ्या.

‘थाओ’ नावाच्या रचनेत एकच चाल आधी लांबवून वाजते. मग निम्मी होते. मग आणखी निम्मी. रनातवरचे हात धावू लागतात. छिंग आणि छप जवळ येतात.

मुलाचे खांदे सैल आहेत. तुमचेही सैल सोडा.

त्याच्यापुढे कागद नाही. गुरूंनी वाजवलं, त्याने ऐकलं, मग हात हलले. वाय ख्रूच्या विधीत विद्यार्थी याच गुरूंपुढे हात जोडतात. गुरुवार हा इथेही गुरूंचा वार.

पुन्हा ऐका. छिंग. छप.

विद्यापीठाच्या मंचावर हाच वाद्यवृंद बसेल, तेव्हा डोळे रनातच्या वेगाकडे ओढले जातील. तुम्ही छिंगकडे कान द्या. त्याच्याकडे चाल नाही, नक्षी नाही. तरी सगळे त्याच्या आधाराने एकत्र राहतात. इतरांना सांभाळणारं असं ऐकणं शिकावं लागतं. ते शिकायला आत्ताचा एक श्वास पुरेसा आहे.