दोरी ओढण्याआधी

बसा. स्टूल जवळ ओढून घ्या. पान्याला एवढ्यात हात लावायचा नाही.

नोव्हेंबर संपत आलाय. क्वेबेकच्या दक्षिण भागात या दिवसांत साडेचारलाच अंधारून येतं. गॅरेजचं दार लावून घ्या, आणि समोरच्या जुन्या स्नोमोबिलकडे नुसतं बघा. पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅक, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन. हाताने ओढायची स्टार्टरची दोरी. रिव्हर्स नाही, मागे वळवायचं तर मागची बाजू उचलायची. मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हापासून ते असंच उभं आहे.

आता वास घ्या. टाकीत राहिलेलं शिळं पेट्रोल वार्निशसारखं वास मारतं. त्यातलं हलकं होतं ते उडून गेलं, चिकट होतं ते कार्बोरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत जाऊन बसलं. एअर बॉक्स उघडून बॅटरीचा उजेड आत टाका. उंदराने सीटचा फोम कुरतडून घरटं केलेलं सापडेल. आत पिल्लं नाहीत ना, एवढं पाहा आणि मगच ते काढा.

डोळे मिटा. इथून फार लांब नसलेल्या वालकूर गावात १९३४च्या हिवाळ्यात जाऊ. जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, स्वतःचं गॅरेज चालवत होता, बर्फावर धावणारी गाडी करण्याच्या खटपटीत होता. त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. इस्पितळ शेरब्रुकला, पन्नासेक किलोमीटरवर. रस्ते बर्फाने बंद. ज्यात घालून पोराला नेता येईल अशी गाडी अजून तयार नव्हती. पोर गेलं.

क्षणभर त्या गॅरेजात उभे राहा. हत्यारं तीच, हात तेच, आणि मुलगा नाही.

तो थांबला नाही. १९३७मध्ये त्याच्या दातेरी चाकाच्या आणि पट्ट्याच्या रचनेला पेटंट मिळालं. त्यातून सात माणसं बसतील अशी बंदिस्त गाडी आली. पुढे त्याच्या अशा गाड्यांतून रोगी गेले, टपाल गेलं, शाळेतली मुलं गेली. एकदोघांनी बसायची छोटी स्की-डू आली ती १९५९मध्ये. १९६४मध्ये तो वारला. तुमच्यापुढचं मशीन त्या घराण्याचं असो वा दुसऱ्या कुणाचं, गोठलेल्या तळ्याच्या पलीकडून माणसाला घरी आणायचं काम त्याच्याकडे आहेच. डोळे उघडा. आता हात पुढे करा.

आधी प्लग. घरची टू-स्ट्रोक स्कूटर ज्यांनी एका बाजूला कलंडवून सुरू केली आहे, पंपावर पेट्रोलमध्ये ऑईल टाकून घेतलं आहे, त्यांच्या हाताला हे काम ओळखीचं आहे. प्लग उजेडाशी धरा. टोक बदामी असेल तर बरं. काळं, तेलकट असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त होतंय. पांढरं पडलं असेल तर प्लग खाली ठेवा आणि थोडा वेळ स्वस्थ बसा, कारण पुढचं काम घाईचं नाही.

स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्या. आत, बाहेर. हे इंजिनही असाच श्वास घेतं. पिस्टन वर जाताना क्रँककेस हवा-पेट्रोल आत ओढतो. खाली येताना तेच वर सिलिंडरमध्ये ढकलतो. वंगणही त्याच मिश्रणातून मिळतं, वेगळी सोय नाही. कार्बोरेटरमागच्या रबरी नळीला चीर पडली, किंवा क्रँकचं सील वयाने कडक झालं, की भलत्याच वाटेने हवा शिरते. दर श्वासाला पेट्रोल कमी, ऑईल कमी; प्लग पांढरा पडतो तो यामुळे. आणि गंमत वाटावी असं होतं: मशीन जास्त तरतरीत वाटू लागतं. थ्रॉटल सोडला तरी आवाज लवकर खाली येत नाही. मालक खूश होतो, आणि आत पिस्टन तापत असतो. मग एके दिवशी तळ्याच्या मधोमध इंजिन सीझ होतं.

हवा शिरते ती वाट शोधा. प्लग परत बसवा, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं घट्ट बंद करा, हातपंपाने पाच-सहा पौंड दाब भरा, त्याहून जास्त नको, नाहीतर सीलच बाहेर येईल. साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. पंक्चरवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवतो तसं सावकाश, एकेक जोड. फ्लायव्हील काढून त्याच्यामागेही लावा. आणि थांबा. तिथे, सीलच्या काठाशी, मोहरीएवढा बुडबुडा उठतो, फुगतो, फुटतो. पुन्हा एक. तोच तुमचा रोग. तो न शोधता नवा पिस्टन बसवणं मला मान्य नाही; नवाही त्याच वाटेने जातो.

बाकीची कामं सोपी आहेत. कार्बोरेटर खोलून धुवा, डायफ्राम नवा घाला. बेल्टच्या कडेला धागे सुटले असतील तर बदला, आणि एक जादा बेल्ट बॉनेटखाली कायम ठेवा. ट्रॅक जमिनीपासून उचलून हाताने फिरवा, बेअरिंग खरखरतं का ते ऐका. चेनकेसमधलं ऑईल पाहा. ग्रीस मारा.

दोरी ओढण्याआधी मात्र शेवटची एक गोष्ट. थ्रॉटल अंगठ्याने पूर्ण दाबा आणि सोडा. बर्फ धरलेली किंवा गंजलेली केबल मागे येत नाही, आणि मग मशीन माणसाचं ऐकत नाही. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. तो झटकन जागेवर आला तरच दोरीला हात लावा, आणि हे या हिवाळ्यात दर वेळी करा.