जखमी माणसाचा अग्रहक्क

जानेवारी 2025 च्या अखेरीस अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी फॉक्स न्यूजवर प्रेमाची एक उतरंड मांडली. आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव आणि त्यानंतर बाकीचं जग. ही जुनी ख्रिस्ती शिकवण आहे, असा त्यांचा दावा. टीका झाली तेव्हा त्यांनी टीकाकारांना ‘ऑर्दो आमोरिस’, म्हणजे प्रेमाचा क्रम, ही लॅटिन संज्ञा शोधून पाहायला सांगितलं. त्याच दिवसांत त्यांचं सरकार स्थलांतरितांची धरपकड वाढवत होतं आणि परदेशांना जाणारी मदत गोठवत होतं. 10 फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहून सांगितलं, की प्रेमाचा खरा क्रम समजायचा तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मनन करा.

व्हान्स यांचा मला संताप येतो. तरीही त्यांचं म्हणणं सरसकट खोटं ठरवता येत नाही. संत ऑगस्टिन यांनी लिहून ठेवलंय, की प्रेम सर्वांवर सारखंच करावं, पण सर्वांच्या उपयोगी पडणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून काळ, स्थळ आणि प्रसंग यांनी ज्यांना आपल्याजवळ आणलं त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी या क्रमाची बारकाईने मांडणी केली. यात शहाणपण आहे. घरात म्हातारी आई औषधाविना पडली असताना विश्वबंधुत्वावर भाषणं देणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. क्रम हवाच.

पण ज्या अक्वायनसचा आधार घेतला जातो, त्याचं पुढचं पान कुणी उलटत नाही. तो म्हणतो, परका मरणाच्या दारात असेल आणि वडिलांची गरज तितकी निकडीची नसेल, तर काही प्रसंगी वडिलांच्याही आधी परक्याला मदत करावी. म्हणजे नात्याने ठरलेला क्रम गरजेपुढे मोडतो. आणि ऑगस्टिनच्या यादीत प्रसंगालाही जागा आहे. रस्त्यात पडलेला माणूस प्रसंगानेच जवळ आलेला असतो.

आता येशूच्या त्या दाखल्यातला रस्ता. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट उजाड डोंगरांतून सुमारे हजार मीटर खाली उतरते. लुटारूंनी एकाला मारून अर्धमेला टाकलाय. याजक बाजूने निघून जातो, मंदिराचा सेवक असलेला लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी शासक योहान हिर्कानस याने पाडलं होतं. त्या वैऱ्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी निघताना दोन दिनार दिले. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. वर जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन, अशी हमीही दिली. याला भावनेचा उमाळा म्हणता येणार नाही. यात वेळ गेला, पदरचा पैसा गेला आणि पुढची जबाबदारीही अंगावर आली.

दाखला ऐकणाऱ्या शास्त्र्याने विचारलं होतं, माझा शेजारी कोण? त्याला यादी हवी होती, म्हणजे यादीबाहेरचे आपोआप सुटले असते. येशूने उलट विचारलं, जखमीचा शेजारी कोण झाला? शास्त्री म्हणाला, ज्याने दया केली तो. ‘शोमरोनी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

माझं मन सर्वांत जास्त अडकतं ते बायबलमधल्या याच्या आधीच्या अध्यायात. तिथे एका शोमरोनी गावाने येशूलाच थारा नाकारलाय आणि याकोब-योहान हे शिष्य गावावर आकाशातून अग्नी मागवू पाहतायत. येशू त्यांना दटावतो. मग पुढच्याच अध्यायात त्याच समाजातला माणूस दयेचा नमुना म्हणून उभा करतो. आपल्याला दारातून परतवणाऱ्यांबद्दल असं बोलणारा गुरू प्रेमाला देशाच्या सीमेवर रोखायला सांगेल, हे मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही.

जवळून सुरुवात करणं आणि जवळच थांबणं यांतला फरक आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी जगून दाखवला. 1887 चं त्यांचं इंग्रजी पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दल होतं. 1889 मध्ये काढलेल्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांसाठी जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. मग 1896–97 चा दुष्काळ आला. आपले आईवडील दुष्काळाच्याच हालात गमावलेल्या या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात सगळ्या जातींच्या मुली राहिल्या. भुकेपुढे आधीची चौकट टिकली नाही.

म्हणून पोपच्या पत्राशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच भारतातल्या चर्चला जाब विचारायचा मला हक्क आहे, असंही वाटतं. तमिळनाडूत त्रिचीच्या दफनभूमीत दलित ख्रिश्चनांची थडगी भिंत घालून वेगळी काढली गेली. डिसेंबर 2016 मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्येही अस्पृश्यता पाळली जाते, हे त्यात मान्य केलं. वॉशिंग्टनला शोमरोन्याची आठवण करून देणाऱ्या चर्चने आपल्या दफनभूमीतली भिंत आधी पाडायला हवी.